काळा मसाला, येसूर आणि तिखट-मीठ

मराठवाड्याच्या जेवणाविषयी बाहेरच्या लोकांचे एक मत ठरून गेलेले आहे: तिखटजाळ. हमरस्त्यावरच्या ढाब्यांनी ते आणखी पक्के केले. पाटीवर 'मराठवाडी' लिहायचे, वाटीत बोटभर लाल तवंग सोडायचा आणि गिऱ्हाईक घामाघूम झाले की समाधान मानायचे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतल्या घरांत रोज रात्री जे कालवण होते ते असे नसते. ते काळपट असते, पातळ असून अंगाला धरते आणि भाकरी कुस्करून खाण्याजोगे असते. तिखट असते, पण तिखटपणासाठी ते केलेले नसते.

या पुस्तकात त्या कालवणामागचे जिन्नस आहेत: काळा मसाला, काळे तिखट, येसूर, कारळाची, जवसाची आणि तिळाची चटणी, आणि फोडणीचे नाना प्रकार. ते वाचण्याआधी एक गोष्ट मनात ठेवली तर पुष्कळ उलगडा होईल. मसाला म्हटले की आपल्याला चैन आठवते, केशर-वेलदोडे, शाही, मोगलाई वगैरे. कोरडवाहू मुलखात मसाल्याचे काम निराळे. डाळ थोडी, पाणी पुष्कळ, आणि न सांगता आलेल्या दोन माणसांसकट सगळ्यांचे जेवण निभवायचे, हे काम इथे मसाला करतो. इथला मसाला म्हणजे बेगमी.

येसूरच बघा. कुणी त्याला येसर म्हणते, कुणी येसवार. कोकणातल्या माणसाला सांगायला जावे तर तो हमखास विचारतो, म्हणजे मसाला की पीठ? दोन्ही. गहू, हरभऱ्याची डाळ, बाजरी किंवा ज्वारी, कुठे मूठभर तांदूळ, असे घरातलेच धान्य घ्यायचे आणि प्रत्येक वेगळे भाजायचे, कारण प्रत्येकाची भाजणीची वेळ वेगळी. गहू तडतडून खरपूस झाला पाहिजे, डाळ बदामी झाली पाहिजे, बाजरी तर हात जरा थांबला की करपते. मग धणे, जिरे, मिरे, लवंग, दालचिनी, हळकुंड, सुके खोबरे. हे सगळे एकत्र करून गिरणीवर बारीक दळून आणायचे. आमटीला लसूण-जिऱ्याची फोडणी बसली, काळा मसाला तेलात परतला आणि पाणी ओतले की वाटीभर गार पाण्यात येसूर कालवायचा आणि धार धरून सोडायचा, एका हाताने ढवळत. कोरडा टाकला तर गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्या मग कोणत्याही पळीला दाद देत नाहीत. उकळी फुटली की आमटी दाटते आणि तेल सुटून वर येते. यात तूरडाळ असली तर उत्तम, नसली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. लग्नाच्या पंगतीत येसर आमटीचे पातेले खाली बसत नाही ते याच गुणामुळे. पंगत वाढली की पाणी वाढवायचे, पाणी वाढवले की येसूर वाढवायचा.

डाळीला जे दाटपण देता येते ते भाजलेल्या धान्याच्या पिठालाही देता येते, ही साधी गोष्ट ज्या बाईला पहिल्यांदा सुचली तिच्या नावाचा पुतळा कुठल्याच चौकात नाही. असो.

काळ्या मसाल्याचा हिशेब जरा थाटाचा आहे. तो कुठे धण्याच्या मापाने करतात, कुठे मिरचीच्या. मिरची घालून केला की त्यालाच काळे तिखट म्हणतात. चैत्र-वैशाखात किराणा दुकानात जाऊन 'किलोचा खडा मसाला बांधून द्या' म्हणायचे, बाकी दुकानदार जाणतो. दगडफूल, नाकेश्वर, बाद्यान, तमालपत्र, मसाला वेलची, शहाजिरे, जायपत्री, लवंग, दालचिनी, खसखस अशा पुड्या तो न विचारता बांधतो. घरी कढईत चमचा-दोन चमचे तेल घालून एकेक जिन्नस तळून काढायचा. जड ते आधी, हलके ते शेवटी. खसखस आणि तीळ तर जवळजवळ विस्तव काढल्यावरच. रंग काळा येतो तो मुख्यतः खोबरे आणि दगडफूल यांच्या भाजण्यातून. दगडफूल हे फूल नव्हे. खडकावर आणि झाडाच्या सालीवर बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. कच्चे हुंगले तर त्याला जुन्या लाकडाचा कोंदट वास येतो, चुरगाळले तर कागदासारखे वाजते. पण तापल्या तेलात पडले की क्षणभर फुलते, गडद होते, आणि घराबाहेरून जाणाऱ्यालाही कळते की आत मसाला चालला आहे. हा वास ज्याच्या नाकात बसला त्याला पुण्याचा गोडा मसाला सौम्य वाटतो आणि कोल्हापूरचा कांदा-लसूण मसाला ओला वाटतो. यात कुणाचा कमीपणा नाही. गोड्या मसाल्याला गूळ-आमसुलाची सोबत आहे, कांदा-लसणाला मटणाची. काळ्या मसाल्याला सोबत आहे ती ज्वारीच्या भाकरीची आणि चिंचेची.

चिंचेवरून आठवले. २०२४ मध्ये मराठवाड्यातल्या बऱ्याच जिनसांना भौगोलिक मानांकन मिळाले. जालन्याची दगडी ज्वारी, कुंथलगिरीचा खवा, वसमतची हळद अशी ती यादी आहे. लातूर जिल्ह्याच्या वाट्याला त्यात तीन मानांकने आली: पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर. तीन वेगवेगळ्या गावांचे हे तीन जिन्नस एकाच आमटीच्या पातेल्यात उतरतात, हा योगायोग कागदपत्रे करणाऱ्यांच्या लक्षात आला होता की नाही कोण जाणे. शेजारच्या वसमतची हळद घातली की फक्त मीठ आणि फोडणी उरली.

पण काळ्या मसाल्याला असे मानांकन मागायला गेलो तर पंचाईत होईल, कारण त्यातले निम्मे जिन्नस परमुलखातले. लवंग, मिरे, दालचिनी दक्षिणेकडची किंवा समुद्रापलीकडची. बाद्यान चीन आणि व्हिएतनामकडचे. हिंग अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तानातून येतो. भारतात त्याची लागवड करण्याचा पहिला प्रयत्न हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात झाला तो २०२० साली. आणि ज्या मिरचीवरून आपली सगळी ओळख ठरते ती तर पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आलेली. निलंगा तालुक्याच्या पलीकडे, आज कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यात असलेले बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथे बाराव्या शतकात राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात मांडे आहेत, वडे आहेत, मांसाचे प्रकार आहेत. मिरे, हिंग, जिरे, आले, मोहरी आहे. मिरची नाही, असणे शक्यच नाही. म्हणजे या मुलखाने मिऱ्याच्या तिखटावर कितीतरी शतके काढली आणि मिरची आली तशी ती अशी आपलीशी केली की आज 'तिखट' हा शब्दच लाल मिरचीच्या भुकटीचे नाव होऊन बसला आहे. 'वाटीभर तिखट द्या' म्हटले की शेजारीण मिऱ्याची पूड आणत नाही.

नांदेड जिल्ह्यात या मिरचीचे नाव काढले की धर्माबाद आलेच. तेलंगणाच्या सीमेवरचे हे गाव लाल मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. धर्माबाद, बिलोली, देगलूर हा पट्टा बोलीला जसा तेलुगू लागलेला आहे तशी त्याची जीभही आंबट-तिखटाकडे झुकलेली आहे. चिंचेचा हात तिथे सैल असतो. सगळा मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, तो ठसा स्वयंपाकघरातही राहिला. नांदेडच्या कितीतरी मोहल्ल्यांत आजही फोडणीला 'बगार' म्हणतात, लग्नात बगारा खाना आणि दालचा असतो, आणि त्यातला गरम मसाला काळ्या मसाल्याशी नाते सांगत नाही. त्याच शहरात गोदाकाठी सचखंड हुजूर साहिबच्या परिसरात लंगरची डाळ चालते. तिची चव तिसरीच. एका शहरात तीन फोडण्या आहेत आणि मोंढ्यातले दुकानदार तिन्हींचा माल ठेवतात. नांदेडच्या खाण्यावर लिहिणारे बहुतेक लोक यातली एकच धरून बसतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

हळदीचे तर काय सांगावे. अर्धापूर आणि वसमतकडच्या शेतांत उन्हाळा लागायच्या सुमारास कंद निघतात. ते शिजवायचे, उन्हात वाळवायचे, ढोलात घालून घासायचे, म्हणजे खडबडीत मातकट गाठीचे पिवळेधमक हळकुंड होते. हीच हळद लग्नात अंगाला लागते, जखमेवर दाबली जाते, आणि मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत खंडोबाच्या नावाने भंडारा म्हणून उधळली जाते. एकाच पोत्यातला माल आमटीत पडतो आणि देवावर उधळला जातो. यात्रेला लागूनच लातूरकडे वेळ अमावस्या येते, लोकांच्या तोंडी येळवस. त्या दिवशी गावे ओस पडतात, शेते भरतात. कडब्याच्या कोपीत पूजा होते, आणि जेवायला भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. गंमत अशी की वर्षातल्या या सगळ्यात मोठ्या जेवणात काळ्या मसाल्याच्या डब्याला फारसे काम नसते. ओला हरभरा, तुरीचे दाणे, पालेभाज्या, लसूण, हिरवी मिरची, बास. रान भरलेले असते तेव्हा मसाल्याची गरज कमी पडते. मसाल्याचा डबा उघडतो तो रान रिकामे झाल्यावर, मळ्यात भाजी नसते त्या महिन्यांत. बेगमी म्हणालो ती हीच.

मसाला तळायचा कशात, हा प्रश्न आता विचारावा लागतो. पूर्वी तो विचारत नसत, कारण उत्तर एकच होते, करडई. लातूर, नांदेड, परभणी हा करडईचा मुलूख. तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी करायची, दाण्यांचे तेल काढायचे, आणि काटेरी झाडांची ओळ शेताच्या कडेला कुंपण म्हणून लावायची. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तर 'परभणी कुसुम' नावाचे वाणही दिले. पण सोयाबीन आले आणि करडईचे रान खाऊन बसले. सोयाबीन शंभर-सव्वाशे दिवसांत मोकळे होते आणि बाजारात रोख पैसे देते. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. परिणाम मात्र जिभेवर झाला. करडईच्या तेलाला स्वतःचा एक उग्रट वास आहे. लसूण त्यात लाल झाला की जो दरवळ येतो तो डब्यातल्या रिफाइंड तेलातून येत नाही. पुस्तकातल्या कृतींत जिथे 'तेल' एवढेच लिहिले आहे तिथे सांगणाऱ्या बाईच्या मनात करडईचेच होते, हे वाचकाने धरून चालावे.

आता त्या शब्दाकडे. मसाला हा अरबीतून फारसीमार्गे आलेला. मुळात कामाला लागणारे, हिताचे साहित्य. 'मसलत' आणि 'सल्ला' ही त्याचीच भावंडे. म्हणून घर बांधायच्या साहित्यालाही मसाला म्हणत आणि फटाक्यात ठासायच्या दारूलाही. जुन्या मराठी दफ्तरांत तर त्याचा एक असा अर्थ भेटतो की रयतेच्या पोटात गोळाच यावा. सरकारातून तगाद्याला किंवा बोलावण्याला प्यादा निघाला की त्याचा खर्च ज्याच्या दारी तो जायचा त्याच्याच अंगावर पडत असे. या रकमेचे नाव मसाला. म्हणजे तगादाही तुमच्याच पदराने. कर्जवसुलीच्या नोटिशीचा खर्च खात्यावर टाकलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आज जो अर्थ सर्वांच्या तोंडी आहे तो सिनेमाने आणि बातम्यांनी दिला. मसालापट, मसालेदार बातमी, 'त्याने मसाला लावून सांगितले'. इथे मसाला म्हणजे मूळ मालात नसलेले, वरून फासलेले, खोटे. माझे मत असे की हा अर्थ हॉटेलच्या ताटावरून आला आहे, घरच्या नाही. घरच्या जिनसांवरून पडलेले वाक्प्रचार बघा, त्यांची जात वेगळी आहे. कुणाला 'हिंग लावून विचारत नाहीत', कुणी 'अर्ध्या हळकुंडाने पिवळा' होतो, कुणी 'खाल्ल्या मिठाला जागतो', कुणाच्या 'नाकाला मिरच्या झोंबतात'. हिंग महाग म्हणून तो मानाचा. हळकुंड अर्धे पुरत नाही हे रोज हळद घालणाऱ्यालाच ठाऊक. या सगळ्यांत जिनसाची खरी किंमत आणि खरा गुण ओळखलेला आहे. 'तिखट-मीठ लावून सांगणे' यातही तिखट-मीठ दोषी नाही, लावणारा दोषी आहे.

हे पुस्तक वाचताना एक गोष्ट खटकायला हवी, आणि खटकली नाही तर ती मुद्दाम दाखवतो. पंधरा-वीस जिनसांचा काळा मसाला प्रत्येक घरात होत नव्हता. शेतकऱ्याच्या घरी तो वर्षाचा होई, सालगड्याच्या घरी पुडीपुडीने येई, आणि गावकुसाबाहेर तोही येईलच असे नव्हते. तिथे मीठ, तिखट, लसूण आणि फार तर कारळाचे कूट यांवर स्वयंपाक उभा होता. मराठीतल्या पाककृतींच्या पुस्तकांनी या चुलींकडे बघितलेच नाही. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले. वाटी-चमच्याच्या मापाने नवशिक्या सुनांना त्याने मोठाच आधार दिला, पण त्यातले घर मध्यमवर्गीय होते. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या ताटाविषयी सविस्तर वाचायला मिळाले ते शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मुळे. ते पुस्तक या पुस्तकाशेजारी ठेवावे. मसाल्याच्या यादीइतकीच, यादीत कोणते जिन्नस परवडत नव्हते ही माहितीही स्वयंपाकाचीच आहे.

आणि कष्टांची. मिरचीचे देठ खुडताना बोटांची आग रात्रभर जात नाही. कांडपावर नंबर लावून उभ्या असलेल्या बाया पदर नाकाला बांधूनही शिंकून शिंकून बेजार होतात, यंत्र चालवणारा मात्र सरावाने शांत. पूर्वी हे उखळ-मुसळाचे काम होते. कांडप यंत्र आले तेव्हा चव गेली म्हणून हळहळणारे सगळे पुरुष होते. बायांनी उखळ अंगणात पालथे घातले आणि पुन्हा सरळ केले नाही. मला त्यांचेच बरोबर वाटते.

हा मसाला आता फिरतो कसा, ते लातूर किंवा नांदेडच्या ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर रात्री कळते. पुण्याला, चाकण-हडपसरकडे कामाला गेलेल्या मुलासाठी प्लास्टिकच्या बरणीत काळा मसाला, बरणीच्या तोंडाला दोन पिशव्या, वर दोऱ्याची गाठ. उलट दिशेने, शिक्षणासाठी गावोगावची पोरे लातुरात येतात. 'लातूर पॅटर्न'मुळे शहरात मेस एवढ्या झाल्या की आमटी हा इथला एक धंदाच झाला. मेसच्या आमटीत येसूर नसतो, मक्याच्या पिठाची पेज असते. पोरे खोलीवर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा ठेवतात आणि वेळ मारून नेतात. पाकिटातला मसाला वाईट असतो असे मी म्हणणार नाही. बेडेकरांचे दुकान १९१० पासून चालू आहे, ते काही लोकांना फसवून नव्हे. पण पाकीटवाल्याला सगळ्या महाराष्ट्राला चालेल अशी चव धरावी लागते, म्हणून दगडफुलाचा हात तो आखडता घेतो. महिला बचत गटांचा मसाला त्या मानाने गावच्या चवीला जवळचा असतो. मात्र घेताना तळहातावर चिमूटभर चोळून बघावा. नुसताच लाल रंग लागला तर ठेवून द्यावा. बोटांना तेलकटपणा आणि भाजल्या खोबऱ्याचा वास राहिला तर घ्यावा.

शेवटी मापांविषयी. ज्यांच्याकडून या कृती मिळाल्या त्या बायांनी मूठ, चिमूट, ओंजळ अशीच मापे सांगितली. त्यांच्यासमोर जिन्नस तराजूत घालून ती ग्रॅममध्ये उतरवली आहेत. काळ्या मसाल्याची सगळी मापे एक किलो धण्यांना धरून आहेत. घरात दोनच माणसे असतील तर पाव किलोचा करा, पण तेव्हा लवंग आणि दालचिनी पावपटीहून जरा कमीच घ्या, नाहीतर मसाला कडवट होतो. येसूर तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका, धान्य असल्याने त्याला जाळे धरते. काळा मसाला वर्षभर टिकतो. बरणी कोरडी हवी, आत हिंगाचे दोन-चार खडे हवेत, आणि ओला चमचा घालायचा नाही. काय करायचे ते मृगाच्या आधी उरकून घ्या.